पत्र्याखालचे ऊन आणि ओल

पन्हळी लोखंडी पत्रा लंडनच्या गोदीत जन्मला. हेन्री रॉबिन्सन पामर हा तिथल्या गोदी कंपनीचा अभियंता. सपाट पातळ पत्रा आपल्याच वजनाने लोंबतो. त्याच पत्र्याला एकसारख्या पन्हळी पाडल्या की तो कित्येक पट ताठ होतो आणि कमान करून टाकला तर खाली कैचीही लागत नाही, एवढीच त्याची युक्ती. १८२९ साली त्याने तिचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी टर्पेंटाइन साठवण्यासाठी गोदीत अशा पत्र्याची शेड उभी राहिली. शेड कोठाराची होती. माल आत ठेवायचा आणि बाहेर काढायचा, एवढेच तिथले काम. दिवसभर छपराखाली राबणारे कोणी नव्हते. त्यामुळे पत्र्याचे दोन जन्मजात दोष सुरुवातीला फारसे कोणाला जाचले नाहीत.

पहिला दोष उन्हाचा. जाड विटेच्या भिंतीला बाहेरचे ऊन आत पोचवायला काही तास लागतात, तोवर सूर्य कलतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला ते काम करायला काही मिनिटे पुरतात. उन्हाळ्याच्या दुपारी गंजून काळपटलेला पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो आणि ती धग थेट खाली कामाला उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर सोडतो. सावलीतली हवा चाळीस अंशांची असली तरी अंगाला भट्टीपुढे उभे राहिल्यासारखे वाटते ते या धगीमुळे. दुसरा दोष ओलीचा, आणि तो बहुधा रात्री उघडा पडतो. निरभ्र आकाशाखाली पत्रा आपली उष्णता वर फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. हवा २५ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २१ अंशांच्या आसपास येतो. पत्रा त्याखाली गेला की त्याच्या आतल्या अंगाला घाम सुटतो. उतार बेताचा असेल तर तो घाम ओघळून वळचणीला न जाता जागच्या जागी टपकतो. सकाळी लेथवर पडलेले थेंब पाहून कित्येक मालक छपराला डांबर फासतात, वॉशर बदलतात. छप्पर मुळात गळतच नसते.

दोन्ही दोषांचे मूळ एकच. पत्र्याला जाडी नाही, वजन नाही, उष्णता धरून ठेवण्याची ताकद नाही. त्यावरचा उपायही म्हणून एकाच जातीचा: पत्र्याखाली काहीतरी दुसरे घालायचे. गेल्या दोनशे वर्षांत पत्र्यात जेवढे बदल झाले त्याहून अधिक प्रयोग या दुसऱ्या थरावर, म्हणजे अस्तरावर झाले. आणि पैसे कमी पडले की सर्वांत आधी काटछाट झाली तीही अस्तरातच.

पामरच्या पत्र्याला आधी गंजापासून वाचवायला हवे होते. रंग किंवा डांबर फासले तरी साधे लोखंड दमट हवेत लवकर सडे. १८३७ साली स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. जस्त आधी स्वतः झिजते आणि खालच्या लोखंडाला वाचवते. हे जस्त युरोपाला तसे उशिराच साधले. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने धातुकापासून जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे त्याच्या काही शतके आधीपासून जस्ताच्या भट्ट्या चालत होत्या. त्याच ब्रिस्टलमध्ये १८५७ साली जॉन लायसॅट याने जस्ती पत्र्याचा कारखाना काढला, आणि त्याचा पत्रा जहाजे भरभरून ऑस्ट्रेलियाला जाऊ लागला.

तिथे त्याला गिऱ्हाईक आधीच तयार होते. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोन्यासाठी झुंबड उडाली. हजारो माणसे उतरत होती आणि निवाऱ्याला ना लाकूड, ना सुतार. मँचेस्टर, लिव्हरपूल, लंडनचे कारखानदार लोखंडी घरांचे सुटे भाग पेट्यांत भरून पाठवू लागले. मेलबर्नमध्ये त्या काळातली काही घरे अजून जपून ठेवलेली आहेत. उन्हाळ्यात ही घरे राहण्याजोगी नसत, आणि आगीपुढेही ती टिकत नसत: १८५१ च्या मे महिन्यात सान फ्रान्सिस्कोला लागलेल्या मोठ्या आगीत, लोखंडाला आग काय करणार या भरवशावर आत थांबलेली माणसे होरपळून मेली. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी बाल्मोरल किल्ल्यासाठी मँचेस्टरच्या बेलहाउस कारखान्याकडून एक लोखंडी नृत्यशाळा मागवली. ती काही वर्षेच नाचासाठी वापरली गेली. पुढे तिची सुतारकामाची कार्यशाळा झाली आणि पत्र्याच्या इमारतीला शेवटी जे काम बहुतेक सगळीकडे मिळते ते राजवाड्याच्या आवारातही मिळाले.

अस्तराची पहिली सुसंगत पद्धत घडवली ती चर्च बांधणाऱ्यांनी. ब्रिटनमध्ये नव्या औद्योगिक वस्त्यांना प्रार्थनामंदिरे हवी होती आणि दगडी बांधकामाला वर्गणी पुरत नव्हती. लिव्हरपूलच्या आयझॅक डिक्सन, फ्रान्सिस मॉर्टन यांसारख्या कंपन्या छापील यादीतून निवडता येतील अशी पत्र्याची चर्चे विकू लागल्या. त्यांची बांधणी ठरलेली असे: लाकडी सांगाडा, बाहेरून जस्ती पत्रा, मध्ये लोकरी किंवा केसाळ नमद्याचा थर आणि आतून एकमेकींत खोबणीने बसणाऱ्या, रोगण लावलेल्या पातळ फळ्या. फळ्या आणि पत्रा यांमधली पोकळी थंडीला अडवी, नमदा पावसाचा ताशा जरा कमी करी. घाम तरीही सुटे, पण तो फळ्यांच्या मागे, भक्तांच्या नजरेआड सुटे. लंडनच्या किलबर्नमध्ये १८६३ सालचे असे एक चर्च अजून उभे आहे, म्हणजे तात्पुरती म्हणवणारी ही पद्धत तशी दणकट होती. इंग्रज लेखक-कलाकार विल्यम मॉरिस आणि त्यांच्या प्राचीन वास्तूंच्या रक्षक मंडळाला मात्र या पत्र्याचा मनापासून तिटकारा होता. गवताची आणि कौलांची छपरे हटवून गावोगाव पत्रा चढतो आहे, ही त्यांची तक्रार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. ती सौंदर्याची तक्रार होती. गवताचे जाड छप्पर जी उष्णता अडवते ती पत्रा अडवत नाही, हे खरे तर अधिक वजनदार कारण ठरले असते.

हिंदुस्थानात पत्रा रेल्वे, लष्कर, चहाचे मळे आणि बंदरे यांच्यामागून पसरला. त्याआधी कोकणापासून मलबारापर्यंत छपराचा प्रश्न कौलांनी सोडवलेला होता. बासल मिशनने १८६५ साली मंगळुरात यंत्रावर कौले पाडायला सुरुवात केली आणि मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यावर घरोघर गेले. कौलाला घाम फारसा सुटत नाही. भाजलेली माती थोडी ओल पिते, आणि कौलांच्या सांध्यांतून हवा सतत खेळत राहते. कौलारू छपराला वजन मात्र फार. भक्कम वासे, रिपा, आढे हवे, माकडे-मांजरे फिरली की दरसाल कौले शाकारायला हवीत. पत्र्याला हलका सांगाडा पुरतो आणि दोन माणसे एका दिवसात शेड झाकून टाकतात. खर्चाच्या या फरकापुढे घामाचा विचार मागे पडला.

याला एक ठळक अपवाद आसामचा. १२ जून १८९७ च्या भूकंपात शिलाँग-गुवाहाटी भागातली दगडी आणि विटांची बांधकामे जमीनदोस्त झाली. त्यानंतर तिथे जी घरबांधणी रुळली तिच्यात छप्पर पत्र्याचे, सांगाडा लाकडाचा आणि भिंती इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या कुडाच्या, वरून गिलावा केलेल्या. महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्र्याखाली चटईचे किंवा फळ्यांचे माळवदासारखे सपाट छत घालायची रीत पडली. पत्रा आणि छत यांमधल्या मोकळ्या पोटमाळ्याला दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या ठेवल्या की तापलेली हवा निघून जाते आणि पत्र्याचा घाम वरच्या वर वाळतो. स्थानिक बांबू, स्थानिक गवत, आणि विकत फक्त पत्रा: कमी पैशांत दमट प्रदेशात पत्रा कसा वापरावा याचा इतका नेटका नमुना देशात दुसरा सापडणे कठीण.

मुंबईत उलट झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत कामगारवस्त्यांमध्ये झावळ्यांच्या आणि घासलेटच्या चपट्या केलेल्या डब्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. डबा चार गॅलनचा, उलगडला की हातभर पत्रा मिळे. अशाच पत्र्यांखाली कल्हईवाले, डबे बनवणारे, ट्रंका ठोकणारे यांचे धंदे चालत. अस्तर हा शब्दही तिथे परवडणारा नव्हता. पावसाळ्यात भिंतीवर झावळ्यांचे झाप आणि गोणपाट बांधायचे, ही कोकणातून आलेली सवय तेवढी उपयोगी पडे. कोकणात चिऱ्याच्या भिंतींनाही पश्चिमेच्या झडीपासून वाचवायला असे झाप लावतात. पत्र्यावर ते लावले की सांध्यांतून आत घुसणारे पाणी अडते, आणि नकळत एक बाहेरचे अस्तरही मिळते.

पहिल्या महायुद्धात पत्र्याच्या इमारतीला लष्करी शिस्त लागली. पीटर नॉर्मन निसेन हा खाणकामातला अभियंता ब्रिटिश सैन्यात होता. १९१६ साली त्याने अर्धगोल पत्र्याची झोपडी आखली: सत्तावीस फूट लांब, सोळा फूट रुंद, तीन टनी लॉरीत मावणारी, सहा माणसांनी चार तासांत उभी करण्याजोगी. युद्ध संपेपर्यंत अशा किमान एक लाख झोपड्या झाल्या. निसेनने चर्चवाल्यांचाच धडा गिरवला आणि आतून फळ्यांचे अस्तर दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने १९४१ मध्ये ऱ्होड आयलंडच्या क्वॉन्सेट पॉइंटवर तिची सुधारलेली आवृत्ती काढली. तिच्या आत दाबलेल्या लाकडी पुठ्ठ्याचे अस्तर आणि मध्ये कागदी भरण होते. त्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली. युद्धानंतर या झोपड्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि त्यांची गॅरेजे, धान्याची कोठारे, वेल्डिंगची दुकाने झाली. अमेरिका-ब्रिटनमधली स्वस्त धातूची कार्यशाळा ही बरीचशी या लष्करी भंगाराची देणगी आहे.

या झोपड्यांत एक नवी अडचण दिसली. थंडीत आत शेगडी पेटवली, माणसांचे श्वास, ओले कपडे, चहाची किटली, सगळ्याची वाफ आत कोंडली, आणि ती अस्तराच्या फटींतून मागे जाऊन थंड पत्र्यावर पाणी झाली. धुरांडे नसलेली घासलेटची शेगडी तर प्रत्येक लिटरमागे जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते. म्हणजे उबेसाठी केलेला उपायच ओल वाढवत होता.

या कोड्याचा उलगडा कार्यशाळांत नव्हे, अमेरिकी घरांत झाला. १९३० च्या दशकात तिथे लाकडी घरांच्या भिंतींत उष्णतारोधक भरण घालण्याची लाट आली आणि त्याबरोबर बाहेरचा रंग सोलपटून निघू लागला. रंगारी अशा घरांचे काम घेईनासे झाले. मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेतले टीसडेल आणि मिनेसोटा विद्यापीठातले फ्रँक राउली यांनी १९३७-३८ च्या सुमारास कारण दाखवले: भरण घातल्यामुळे भिंतीची बाहेरची बाजू आधीपेक्षा थंड राहते, आणि आतली वाफ तिथवर पोचली की पाणी होते. उपाय दोन. भरणाच्या उबदार बाजूला वाफ अडवणारा थर घालायचा, आणि पोटमाळ्याला हवा द्यायची. १९४२ साली अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज यंत्रणेने पोटमाळ्याच्या तीनशे भागांमागे एक भाग मोकळी झडप हवी, असा नियमच केला. १९५८ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट ग्लासर याने भिंतीत पाणी नेमके कुठे साचेल हे कागदावर काढण्याची रीत दिली. ऊन आणि ओल हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत मांडले गेले. पत्र्याला तोवर शंभराहून अधिक वर्षे झाली होती.

अस्तराला लागणारा मालही याच काळात बदलला. जर्मनीतल्या लोखंडाच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मळीवर हवेचा झोत मारून केलेली खनिज लोकर १८७० च्या दशकापासून मिळत होती. काचेची लोकर १९३८ पासून ओवेन्स-कॉर्निंग कंपनी मोठ्या प्रमाणावर विकू लागली. १९३३ साली इंग्लंडमध्ये लागलेल्या पॉलिथिनच्या शोधामुळे वाफ अडवणारा थर युद्धानंतर कवडीमोल झाला. जर्मनीत १९२० च्या दशकात ॲल्युमिनियमची चमकदार पन्नी पोकळीत टांगून उष्णता परतवण्याचे प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियाने युद्धानंतर ती पन्नी मजबूत कागदावर चिकटवून पत्र्याखाली अंथरण्याची रीतच पाडली. हलकीशी झोळ ठेवून अंथरलेली पन्नी दोन कामे करते: वरून येणारी धग परतवते आणि पत्र्यावरून पडलेला थेंब झेलून वळचणीकडे नेते. पन्नीची एक अट मात्र अनेकदा विसरली जाते. तिच्या चमकत्या बाजूला हवेची पोकळी हवी. पत्र्याला घट्ट चिकटवलेली पन्नी पत्र्याइतकीच तापते.

उष्ण देशात धातूच्या इमारतीचे काय करता येईल याचा एक देखणा प्रयोग फ्रान्सच्या झाँ प्रूव्हे याने केला. १९४९ मध्ये आफ्रिकेतल्या निआमेसाठी आणि १९५१ मध्ये ब्राझाव्हिलसाठी त्याने ॲल्युमिनियम आणि पोलादाची घरे पाठवली. त्यांना दुहेरी छप्पर होते, दोहोंमधून वारा वाही, भोवती ऊन अडवणाऱ्या झडपांचा व्हरांडा. तत्त्व अगदी बिनचूक होते, फक्त परवडणारे नव्हते. विमानाने नेलेली ही घरे स्थानिक बांधकामापेक्षा महाग पडली आणि तीन घरांवर प्रकरण थांबले.

भारतात त्याच सुमारास हेच तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे तेरावे कलम हवा आणि उष्णता यांविषयी होते. भिंती आणि छपरे अशा मालाची हवीत की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, असे ते सांगे, आणि उपायांची यादीही देई: भिंतींना-छपराला पांढरा रंग, पाण्याचे फवारे, बाहेरून आडोसा, छप्पर उंच करणे, मध्ये पोकळी ठेवून दुहेरी छप्पर, किंवा उष्णतारोधक माल. या यादीत पुढच्या पाऊणशे वर्षांत फारशी भर पडलेली नाही. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान दहा आणि विजेविना किमान वीस कामगार असतील तरच तो अधिनियम लागू होई. दोन लेथ, एक ड्रिल, मालक आणि तीन पोरे, अशा शेडला तो लागू नव्हता. आणि पत्र्याखाली काम करणाऱ्यांतले बहुतेक अशाच शेडमध्ये होते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि अंबरनाथपासून वसाहती वसत गेल्या. आखीव वसाहतीतल्या गाळ्यांना तोवर सिमेंटचा पत्रा मिळू लागला होता. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्शेक याने विसाव्या शतकाच्या आरंभी ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये घालून हा पत्रा केला; भारतात १९३४ पासून मध्य प्रदेशातल्या कैमोर येथे तो बनू लागला. तो लोखंडी पत्र्यापेक्षा जाड, कमी तापणारा, थोडी ओल पिणारा, म्हणून कमी टपकणारा आणि न गंजणारा. अस्तराशिवाय चालणारे छप्पर म्हणून तो गावोगाव खपला. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाचा कर्करोग घडवते हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. भारतात हा पत्रा वापरात राहिला. जुन्या सिमेंट पत्र्याला कोरडे भोक पाडणे किंवा करवत लावणे हे अस्तर वाचवण्याच्या बचतीतले सर्वांत महाग काम आहे.

ओल सगळ्याच धंद्यांना नकोशी नसते, हेही नोंदवायला हवे. सुती मागाला दमट हवा लागते, नाहीतर ताणा तुटतो. लँकेशायरच्या माग-शेडांत मालक मुद्दाम वाफ सोडत आणि ब्रिटिश संसदेला १८८९ मध्ये या वाफेला मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. भिवंडी-इचलकरंजीच्या माग-शेडांत ओलीला कोणी वैरी मानत नाही, ऊन मात्र तिथेही तितकेच छळते.

यंत्रकामात ओल म्हणजे गंज. ब्रिटिश रसायनज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवले की सापेक्ष आर्द्रता साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचे गंजणे एकदम वेग घेते. कोकणच्या पावसाळ्यात आर्द्रता महिनोन्महिने त्याच्या वर असते. म्हणून लेथच्या बेडवर ग्रीसचा थर, मापाची हत्यारे तेलाच्या फडक्यात, चकवर जळके ऑइल आणि वेल्डिंगच्या कांड्यांच्या पेटीत पेटता बल्ब, हे सगळे रूढ झाले. बल्बची युक्ती वाटते त्यापेक्षा शास्त्रशुद्ध आहे. २७ अंशांच्या, ९० टक्के आर्द्र हवेला पाच अंश अधिक उबदार केले की तिची आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. पाणी तेवढेच राहते, हवेची तहान वाढते. सबंध शेड सुकवायला जे पैसे लागतील ते कोणाकडेच नसतात; एक बंद कपाट सुकवायला एक बल्ब पुरतो.

घाटावर अस्तराचे काम शेतीने केले. ऊसपट्ट्यातल्या गॅरेजांच्या पत्र्यावर उन्हाळ्यात पाचट टाकलेले दिसते, विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या-पऱ्हाट्या आणि कडबा. हातभर पाचट म्हणजे खरोखरच उत्तम उष्णतारोधक, आणि फुकट. पण ठिणगी उडाली तर तेच सरपण, आणि पावसात ते कुजून पत्र्याला ओले ठेवते, त्यामुळे जस्त लवकर जाते. म्हणून ते मृगाआधी उतरवायचे असते. दुसरी रीत चुन्याची: उन्हाळा लागताना चुन्यात डिंक किंवा फेविकॉल घालून पत्र्याला दोन हात द्यायचे. नवा जस्ती पत्रा चकाकतो, पण आपली उष्णता सहज सोडत नाही, म्हणून तोही तापतो. पांढरा चुना ऊन परतवतो आणि शिल्लक उष्णता आकाशात सोडतोही. पहिल्या वळवाने तो धुपतो, तोवर त्याचे काम झालेले असते. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून झोपडपट्ट्यांत पांढऱ्या छपरांची मोहीम चालवली आणि तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचे राज्य धोरण केले, तेव्हा गॅरेजवाल्यांच्या या जुन्या रीतीला सरकारी मान मिळाला.

नव्वदच्या दशकानंतर बाजार बदलला. जस्तात ५५ टक्के ॲल्युमिनियम मिसळलेला, अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलने १९७२ मध्ये आणलेला लेप आणि रंगीत पत्रा गावच्या दुकानात आला. लेपाच्या वजनाकडे मात्र गिऱ्हाइकाचे लक्ष नसते. चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे २० मायक्रॉन. १२० ग्रॅम म्हणजे साडेआठच्या आसपास. खाऱ्या वाऱ्यात जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर स्वस्त पत्रा दोन पावसाळ्यांत का तांबडा होतो, याचे उत्तर या भागाकारात आहे. अस्तरासाठी थर्माकोल, बुडबुड्यांची पन्नी, फोम भरलेले पफ पॅनेल आले. थर्माकोल आणि फोम दोन्ही जळतात, विषारी धूर करतात, आणि वेल्डिंगच्या शेडमध्ये ते उघडे ठेवणे हा वेडेपणाच.

या नव्या मालाबरोबर थंड देशांतल्या सूचनाही आल्या: वाफ अडवणारा थर आतून लावा. तिकडे वर्षभर आतली हवा उबदार असते, म्हणून ते बरोबर. कोकणातल्या पावसाळ्यात वाफ बाहेरून येते, आणि बरीचशी जमिनीतून. बुटक्या जोत्यावर मुरूम न भरता ओतलेला कोबा खालून ओल ओढत राहतो आणि मालक छपराकडे बघत राहतो. तिथे पहिला रुपया जोते उंच करण्यात, पागोळ्यांचे पाणी दूर नेणाऱ्या पन्हळीत आणि कोब्याखालच्या प्लास्टिकच्या कागदात घालायचा. पत्र्याखाली काही लावायचेच तर हवा मागे शिरणार नाही असा, पत्र्याला सर्वांगाने चिकटलेला फोम. देशावर, नाशिक-पुण्याच्या हिवाळी रात्रींत घाम सुटतो तो निरभ्र आकाशामुळे, आणि आढ्याला व वळचणीला फट ठेवली तर तो दहा वाजेपर्यंत वाळतो. म्हणूनच नाशिककडच्या कांदाचाळींना जमिनीपासून उचललेला तळ, फटींच्या भिंती आणि कौले किंवा सिमेंटचा पत्रा असतो. लोखंडी पत्रा तिथे टाळतात. नागपूर-चंद्रपूरला ओलीची चिंता थोडीच महिने, धगीची मोठी. तिथे पांढरा रंग आणि त्याखाली चार बोटे पोकळी सोडून ताणलेली पन्नी कमी पैशांत सर्वाधिक आराम देते.

हार्डवेअरच्या दुकानात मात्र एकच बुडबुड्यांचा रोल तिन्ही प्रदेशांत विकला जातो, आणि बहुतेक ठिकाणी तो पत्र्याला घट्ट चिकटवूनच लावला जातो.